पायाकडे की पायरीकडे?

पावसाळ्यात रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत म्हातारे माणूस पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, उतरू लागले की मागून कोणी ना कोणी हाक देतेच: "आजी, पाय सांभाळा हं!" सूचना मायेपोटी असते आणि तिला कारणही असते. जांभा हा सच्छिद्र दगड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात जुलै उजाडेपर्यंत त्याच्यावर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, कडा झिजून गोल झालेल्या असतात आणि धरायला कठडा बहुधा नसतोच. त्यात घरी राहिलेली माणसे कोण, हेही पाहायला हवे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ वर आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ती माणसे मुंबई-पुण्याला आणि घर, आगर, गोठा वडीलधाऱ्यांच्या, त्यातही बायकांच्या हाती, हे कोकणाचे जुने गणित या आकड्यांत दिसते. म्हणजे पाखाडीवरून पाणी, लाकूडफाटा, बाजाराची पिशवी नेणारे पाय पुष्कळदा साठीच्या, सत्तरीच्या पुढचे असतात. त्यांना "पाय सांभाळा" असे सांगणे चूक कसे असेल? हेतू चूक नाहीच. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले संशोधन सांगते की तोल सावरताना माणसाचे लक्ष कुठे आहे यावर त्याचे स्नायू कसे वागतात हे काही अंशी ठरते, आणि लक्ष गुंतवायला स्वतःचे पाय ही बहुधा सर्वांत कमी उपयोगाची जागा आहे.

हे पटायला आधी नुसते उभे राहणे म्हणजे काय ते पाहू. स्थिर उभा वाटणारा माणूस प्रत्यक्षात सतत डोलत असतो. शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे शरीराचा कल पुढे झुकण्याकडे असतो आणि पोटरीचे स्नायू त्याला थोडेथोडे मागे खेचत राहतात. नडगीच्या पुढच्या अंगाला जो स्नायू आहे, पाऊल वर उचलणारा, तो तरुण माणूस शांत उभा असताना जवळजवळ गप्प असतो. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतला विद्युत्प्रवाह मोजला, म्हणजे ईएमजी काढला, की हे स्पष्ट दिसते: पोटरीत लहानलहान उसळ्या, नडगीपुढे शांतता. वय वाढले की हे चित्र बदलते. पोटरी आणि नडगीपुढचा स्नायू दोन्ही एकाच वेळी काम करू लागतात, एक मागे ओढतो आणि दुसरा पुढे, आणि घोटा दोन्ही बाजूंनी आवळला जातो. तळव्यांची जाणीव मंदावली, कानातल्या तोलाच्या यंत्रणेतील पेशी कमी झाल्या, नजर अधू झाली, झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू घटले, की मेंदू हा सोपा उपाय काढतो. आवळलेला घोटा कमी डोलतो, हे खरे. मात्र अचानक धक्का बसला, पायाखालचा दगड हलला, तर त्याला वळायला आणि सावरायला जागाच उरत नाही. शिवाय हे स्नायू अखंड राबत असल्याने दमणूक होते ती वेगळीच. ताठ माणूस आणि स्थिर माणूस यांत गल्लत करू नये.

आता लक्षाची गोष्ट. जर्मनीत शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेत लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठात काम केलेल्या गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने विंडसर्फिंग करताना एक निरीक्षण केले होते. पाय कुठे दाबायचा, वजन कुठे टाकायचे याचा विचार केला की तोल जाई, आणि फळी कशी वळते आहे एवढेच मनात ठेवले की जमे. १९९८ मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तपासले. स्कीच्या सरावासाठी एक यंत्र असते, कमानदार रुळांवर डाव्या-उजव्या बाजूला सरकणारा फलाट. एका गटाला सांगितले, बाहेरच्या पायाने जोर लावा. दुसऱ्याला सांगितले, फलाटाच्या बाहेरच्या चाकांवर जोर लावा. चाके नेमकी पायांखालीच होती, म्हणजे करायची कृती एकच आणि शब्द तेवढे वेगळे. चाकांचा विचार करणारे अधिक चांगले शिकले. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात डगमगणारा फलाट, म्हणजे स्टॅबिलोमीटर, वापरला. एका गटाने पाय आडव्या पातळीत ठेवायचे, दुसऱ्याने पायांसमोर फलाटावर लावलेल्या खुणा आडव्या ठेवायच्या. इथेही खुणांकडे लक्ष देणाऱ्यांची सरशी झाली. २००३ च्या एका प्रयोगात खुणा पायांपासून जितक्या लांब तितका फायदा अधिक, असेही दिसले. शरीराच्या आत लक्ष देणे आणि हालचालीचा शरीराबाहेर जो परिणाम होतो त्याकडे लक्ष देणे, असा हा भेद आहे.

असे का होते? तोल सांभाळण्याचे बहुतेक काम मेरुरज्जू, मेंदूचा बुंधा आणि लहान मेंदू यांच्या पातळीवर, आपल्याला न विचारता, सेकंदाच्या छोट्या छोट्या अंशांत चालते. जाणीवपूर्वक विचार त्यापेक्षा कितीतरी सावकाश असतो. "गुडघा ताठ, टाच टेकवा" असे मनात घोळवू लागलो की हा सावकाश कारभार जलद कारभारात लुडबुड करतो. हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. २००१ च्या एका प्रयोगात फलाटावर तोल सांभाळणाऱ्यांना मध्येच आवाज ऐकवून बटण दाबायला सांगितले. खुणांकडे लक्ष असणाऱ्यांनी ते लवकर दाबले. म्हणजे तोल सांभाळण्यात त्यांचा मेंदू कमी गुंतलेला होता. स्नायूंचा पुरावाही याच दिशेचा आहे. २००४ मध्ये दंडाच्या व्यायामात तेच वजन उचलताना हाताचा विचार करणाऱ्यांपेक्षा दांड्याचा विचार करणाऱ्यांच्या स्नायूंत विद्युत्हालचाल कमी आढळली. २००५ मध्ये बास्केटबॉलच्या फेकीत मनगटाऐवजी कड्याकडे लक्ष दिले तेव्हा नेम सुधारला आणि दंडाच्या पुढच्या व मागच्या स्नायूंची हालचाल घटली. कमी खर्चात अधिक नेमके काम. हे प्रयोग तरुणांवरचे आहेत हे विसरून चालणार नाही, पण ज्यांचे स्नायू आधीच गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात त्यांच्यासाठी या निष्कर्षाला दुप्पट महत्त्व आहे.

वृद्धांवर थेट केलेला प्रयोग २०१० चा. ब्राझीलच्या सुझेते शिव्याकोव्स्की यांनी वुल्फ यांच्याबरोबर साठीपुढच्या माणसांना त्याच डगमगत्या फलाटावर उभे केले. पहिल्या दिवशी सूचना देऊन सराव, दुसऱ्या दिवशी कुठलीही सूचना न देता परीक्षा. खुणांवर लक्ष ठेवून शिकलेले वृद्ध दुसऱ्या दिवशीही पायांवर लक्ष ठेवून शिकलेल्यांपेक्षा जास्त वेळ तोल धरू शकले. त्याआधी पार्किन्सनच्या, पूर्वी पडलेल्या रुग्णांतही पायांखालच्या पट्ट्यांकडे लक्ष दिल्याने तोल सुधारल्याचे आढळले होते. आणखी एक प्रयोग कोकणातल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. हवा भरलेल्या रबरी चकतीवर उभे राहून हातात एक दांडा आडवा धरायचा. हात आडवे ठेवण्याकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा दांडा आडवा राहतो ना हे पाहणाऱ्यांचे शरीर कमी डोलले. रत्नागिरीच्या शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवणाऱ्यांना, किंवा डोक्यावर कळशी आणि कमरेवर हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या बाईला, पावलांचा हिशोब मांडत बसायला सवडच नसते. लक्ष पालखीवर असते, पाण्यावर असते. यावरून काही सिद्ध होते असे नाही; त्या बाईच्या पायांत चाळीस वर्षांची चढउतारही असते. पण प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रोजच्या जगण्याला परकी नाही, एवढे नक्की.

भीती इथे सर्वांत जास्त गोंधळ घालते. निरोगी तरुणालाही उंच फलाटाच्या कडेला उभे केले की त्याचे डोलणे लहान आणि जलद होते, घोटे आवळले जातात, आणि विचारले तर तो सांगतो की आपण कसे उभे आहोत याकडेच आपले लक्ष होते. एकदा पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला सपाट अंगणही त्या फलाटासारखे वाटते. हाँगकाँगमध्ये रिच मास्टर्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वृद्धांना आपल्या हालचालींवर ते किती जाणीवपूर्वक पहारा ठेवतात हे विचारले. पूर्वी पडलेल्यांत हा पहारा जास्त आढळला. इथे कोणी म्हणेल की पडल्यामुळेच ते सावध झाले असतील, आणि त्यात तथ्य आहे. अशा पाहणीतून कारण आधी की परिणाम आधी हे कळत नाही. पण दोन्ही खरे असू शकते. पडण्यामुळे पहारा वाढतो, पहाऱ्यामुळे शरीर आवळते, आवळलेले शरीर पुन्हा अडखळते. "पाय सांभाळा" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकणाऱ्याचा पहारा कमी कसा होणार?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लक्ष बाहेर न्यायचे म्हणजे लक्ष उडवायचेच ना? आणि लक्ष उडालेला म्हातारा तर पडतोच. १९९७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वीडनमधली एक छोटी, पण पुढे फार गाजलेली पाहणी आली. निवासी वृद्धाश्रमातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले, आणि त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. म्हातारपणी चालण्यालाच इतके लक्ष लागते की बोलायला ते उरत नाही, असा त्याचा अर्थ. पण हा आक्षेप वेगळ्या गोष्टीला लागू पडतो. मोबाइलवर बोलत पायऱ्या उतरणे म्हणजे लक्ष हालचालीपासूनच काढून घेणे. पायरीच्या कडेवर, काठीच्या टोकावर, हातातल्या तांब्यातल्या पाण्यावर लक्ष ठेवणे म्हणजे ते हालचालीच्या परिणामावर ठेवणे. हालचाल दोन्हीकडे तीच, पण दुसऱ्या प्रकारात मन कामावरच असते. रत्नागिरीच्या बाजारपेठेत रिक्षा, स्कूटर, फेरीवाले यांतून वाट काढणाऱ्या आजोबांशी बोलायचेच असेल तर आधी त्यांना कडेला उभे करावे, हे त्या स्वीडिश पाहणीचे खरे व्यावहारिक तात्पर्य.

दुसरा आक्षेप पाखाडीचाच. शेवाळलेल्या दगडावर पायाकडे न पाहता चालायचे की काय? इथे नजर आणि लक्ष यांची गल्लत होते. डोळे खालीच हवेत. ब्रिटनमधल्या मार्क हॉलंड्स आणि ग्रॅहम चॅपमन यांनी वृद्धांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या तेव्हा असे दिसले की पडण्याचा धोका जास्त असलेली माणसे पाऊल टेकण्यापूर्वीच नजर त्या जागेवरून काढून पुढच्या अडथळ्याकडे नेतात, आणि मग पाऊल चुकते. पुढच्याची काळजी हातातले पाऊल बिघडवते. तेव्हा पाऊल टेकेपर्यंत नजर त्या पायरीवरून हलू नये. पण मनात "माझा उजवा पाय, माझा गुडघा" असे न येता "ही कड, हा कोरडा भाग" असे यावे. हे साधायचे तर कड दिसली पाहिजे. ओल्या, काळपट जांभ्यावर संध्याकाळी कड दिसत नाही. प्रत्येक पायरीच्या काठाला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला तर लक्ष जायला जागा मिळते. चष्म्याचेही तसेच. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायरी धूसर दिसते आणि तिची खोली कळत नाही. सिडनीच्या स्टीफन लॉर्ड यांनी २००२ मध्ये अशा चष्म्यांचा पडण्याशी संबंध दाखवला. पुढे २०१० मध्ये ६०६ वृद्धांवर केलेल्या चाचणीत बाहेर चालण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा दिला, तेव्हा नियमित बाहेर पडणाऱ्यांचे पडणे कमी झाले. फारसे घराबाहेर न जाणाऱ्यांचे मात्र बाहेरचे पडणे वाढले. रोज आगरात जाणाऱ्या आजोबांना जे लागू, ते ओटीवर बसून असणाऱ्यांना लागू नाही.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रात तरी यायलाच हवा: मग योगाचे काय? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये उभारलेल्या संस्थेतून जगभर गेलेली पद्धत शरीराच्या आतल्या सूचनांनी भरलेली आहे. गुडघ्याची वाटी वर ओढा, टाचेची बाहेरची कड दाबा. हे आत लक्ष नेणे नव्हे तर काय? आहेच. पण याच पद्धतीने भिंत, दोर, लाकडी ठोकळे, खुर्ची असे बाहेरचे आधारही आसनात आणले, आणि वृक्षासनात नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवायला योगशिक्षक सांगतातच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उद्देश निराळे असतात. स्नायू ओळखायचा, ताणायचा, बळकट करायचा असेल तर आतले लक्ष उपयोगी पडू शकते. २०१८ च्या एका अभ्यासात आठ आठवडे दंडाचा व्यायाम करणाऱ्या तरुणांत स्नायू पिळण्याकडे लक्ष देणाऱ्या गटाचा दंड अधिक वाढला. ईएमजीवर जो अपव्यय दिसतो तोच इथे उपयोगी ठरतो. म्हणून सतरंजीवर आत लक्ष, पाखाडीवर बाहेर लक्ष; चटईवरची शिस्त चालताना मनात घोळवत राहू नये.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो शास्त्राच्या आतूनच आला आहे. २०२१ मध्ये सायकॉलॉजिकल बुलेटिन या नियतकालिकात शेकडो निष्कर्ष एकत्र करून बाहेरच्या लक्षाचा फायदा जवळजवळ निर्विवाद असल्याचे मांडले गेले. २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात ब्रॅड मॅके आणि सहकाऱ्यांनी हाच साठा पुन्हा तपासला आणि म्हटले की फरक न सापडलेले अभ्यास प्रसिद्धच होत नाहीत, ती त्रुटी हिशोबात धरली तर फायद्याचा बराचसा भाग विरून जातो. बरेच प्रयोग वीस-तीस माणसांवरचे, काही मिनिटांचे आहेत. चालण्यावरच्या काही अभ्यासांत फरक दिसलेला नाही, पक्षाघाताच्या रुग्णांत चित्र मिश्र आहे, आणि डगमगत्या फलाटावर तीस सेकंद टिकणे म्हणजे मिरग लागल्यानंतर विहिरीवरून पाणी आणणे नव्हे. हा आक्षेप मान्य करावा लागतो. तरीही त्यातून "पाय सांभाळा" ला पाठबळ मिळत नाही. आत लक्ष दिल्याने वृद्धांचा तोल सुधारतो असे म्हणणारा पुरावा त्याहूनही तोकडा आहे. फायदा मोठा असो वा नगण्य, शब्द बदलायला खर्च काही नाही आणि धोकाही दिसत नाही. एवढ्याशा पुराव्यावर औषध कोणी लिहून देऊ नये; वाक्य मात्र बदलता येते.

तेव्हा "पाय उचलून टाका" ऐवजी "पट्ट्याच्या पलीकडे पाऊल पडू दे". "गुडघे वाकवू नका" ऐवजी "काठी आधी खालच्या पायरीवर ठेवा, मग उतरा". फिजिओथेरपीत एका पायावर उभे करताना "घोटा हलवू नका" ऐवजी "समोरच्या खिडकीच्या गजाशी खांदे समांतर राहू देत". रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर फिरणाऱ्यांनी आपल्या टाचांऐवजी ओल्या वाळूतल्या ठशांची रेघ सरळ येते का ते पाहावे. ज्याला मधुमेहामुळे तळव्यांची जाणीवच उरलेली नाही त्याने मात्र पाऊल कुठे पडते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टाकू नये, आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. हे सगळे करताना क्रम चुकू नये. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३,४०७ वृद्ध होते. नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि त्यात तोलाचे व उठण्याबसण्यासारखे रोजच्या हालचालींचे व्यायाम सर्वांत कामाचे ठरले. शब्दांची निवड ही त्या व्यायामाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. पायरीवरचे शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासणे, पाखाडीला एका बाजूने तरी पाइपाचा कठडा बसवणे, न्हाणीघरात दिवा लावणे, ही कामे ग्रामपंचायतीने आणि घरच्यांनी आधी करावीत.

आणि वर्षभरात एकदा जरी कारणाशिवाय पडलेल्या माणसाला लक्षाचे धडे देत बसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, झोपून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा, आणि तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून बरोबर न्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यात पहिल्या पाहायच्या.